शेपटीतला पाना

सुरतेत मी आठ वर्षं ज्या चाळीत राहिलो, तिथे साधी पक्कड हवी असेल तरी आधी टोकन लावावं लागे. पितळेचं, रुपयाएवढं, वर भोक पाडलेलं टोकन. माझा नंबर चार. नवागामच्या त्या चाळीत नऊ खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीला तीन टोकनं दिलेली होती. जिन्याखाली भिंतीत एक उथळ लाकडी कपाट होतं, आत फळा, फळ्यावर हातोडी, करवत, कात्री, पाने, इतकंच काय, उंदराचा पिंजरासुद्धा खिळ्याला टांगलेला. प्रत्येक वस्तूच्या मागे पांढऱ्या रंगाने तिचीच आकृती काढलेली. वस्तू उचलली की त्या खिळ्याला आपलं टोकन अडकवायचं, परत आणली की टोकन सोडवून घ्यायचं. संध्याकाळी सहाला आमचे घरमालक आप्पा फळ्यासमोर ताठ उभे राहत आणि मोठ्याने मोजत. आकडा जुळला की वहीत सही करत, कपाटाचं दार लावत आणि म्हणत, "पहले गिनो, फिर बंद करो." हे कुणाला उद्देशून, ते देव जाणे, कारण तिथे त्यांच्याशिवाय कुणीच नसे.

मी परभणीकडचा, सुरतेतल्या एका मराठी शाळेत मास्तर. चाळीतली बाकीची सगळी मंडळी खानदेशातली, लूमवर नाहीतर डाईंग मिलमध्ये कामाला. घरात अहिराणी, कामावर हिंदी, बाजारात गुजराती, आणि पोरं आपसात या तिन्हींची भेळ करून बोलत. त्यांनी आप्पांच्या फळ्यापुढे कधीच हात टेकले होते. मी नवा, शिकलेला आणि तोंडाळ, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझं वाजलं. पंखा कुरकुरत होता म्हणून मी पक्कड नेली. पाच मिनिटांत परत ठेवायची होती, कशाला टोकन लावा, असा विचार केला. नेमकं सहाच्या ठोक्याला आप्पा दारात. अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, वय सत्तरीच्या पुढे. पक्कड माझ्या हातात होती, त्यांना ती दिसत होती. तरी त्यांनी मला खाली नेलं, रिकाम्या खिळ्याला टोकन लावायला लावलं, मग पक्कड टांगायला लावली, मग टोकन सोडवायला लावलं. बायको वरच्या कठड्यावरून बघून हसत होती.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "तुम्ही तेवीस नंबर आहात."

तेवीस नंबर ही आप्पांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी. तरुणपणी ते हवाई दलात फिटर होते आणि त्यांच्याच हँगरमध्ये केरळकडचा एक फिटर होता, त्याच्या टोकनाचा नंबर तेवीस. आप्पांचा सतरा. या तेवीस नंबरच्या भानगडी आम्हाला पाठ झाल्या होत्या. तो काम करताना गायचा. चहाचा ग्लास मशीनवर ठेवायचा. नट फिरू नये म्हणून त्यात बारीक तार ओवून पिळतात, तर हा पठ्ठ्या तारेला उलटा पीळ द्यायचा. आणि सगळ्यावर कडी म्हणजे त्याने एकदा स्वतःचं टोकनच हरवलं, त्याबद्दल महिनाभर शिक्षा भोगली. बायकोने बरणीचं झाकण उघडं टाकलं की तेवीस नंबर. शेजारच्या वहिनींचा नळ टपकला की तेवीस नंबर. निवडणुकीत पडलेला उमेदवारही तेवीस नंबर. त्या बिचाऱ्याला दूर कुठेतरी किती उचक्या लागत असतील, असं माझ्या मनात येई.

फळ्यावर एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. लहानमोठ्या पान्यांच्या रांगेत एका बोटभर पान्याची आकृती होती, पण पाना नव्हता. खिळ्यावर टोकन होतं, नंबर सतरा. मी विचारलं, हा पाना कुणी नेलाय? आप्पा म्हणाले, बाहेर आहे. मी विचारलं, कधी येणार? त्यांनी दार लावून घेतलं.

आता जी गोष्ट मला कळायला पाच वर्षं लागली ती तुम्हाला लगेच सांगून टाकतो, कारण माणसाला ताटकळत ठेवायची आप्पांची कला माझ्याकडे नाही. आप्पा ज्या हेलिकॉप्टरवर काम करत ते अगदी सुरुवातीच्या काळातलं, रशियन, एमआय-फोर. त्याचं इंजिन नाकात, पायलट त्या इंजिनाच्या डोक्यावर बसलेला आणि मागे माणूस सरपटत जाईल एवढी पोकळ, लांब शेपटी. एका दुपारी आप्पा त्या शेपटीत काम करत होते. संध्याकाळच्या गाडीने सुट्टीवर जायचं होतं, चौथ्या दिवशी लग्न होतं. हत्यारं परत टांगताना एक बारका पाना कमी भरला. शोधला, सापडला नाही. बाहेर स्टेशनला नेणारा ट्रक हॉर्न देत होता. आप्पांनी खिळ्यावरचं आपलं टोकन सोडवलं, वहीत 'हत्यारं पूर्ण' असं लिहून सही केली आणि ट्रकमध्ये चढले.

शेपटीतून ज्या तारा जातात त्या पायलटच्या पायाशी जोडलेल्या असतात. त्यांच्यात पाना अडकला तर हेलिकॉप्टर हवेत गरगरा फिरतं. आप्पांना हे लग्नाच्या मांडवातही माहीत होतं. सुट्टीवरून परतले तेव्हा फळा भरलेला होता, त्या खिळ्यावर पाना होता. स्टोअरवाल्याने नवा टांगला असेल असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणाला विचारलं नाही. ते हेलिकॉप्टर मात्र तिथे नव्हतं, आप्पा गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी दूरच्या तुकडीकडे रवाना झालं होतं. काही महिन्यांनी बातमी आली की तिकडे याच जातीचं एक हेलिकॉप्टर डोंगरात पडलं, आतली माणसं गेली. कुठलं, नंबर काय, हे विचारायची आप्पांची छाती झाली नाही. तिथून पुढे सगळी जन्मभराची वणवण. ते एक हेलिकॉप्टर कुठेतरी धडधाकट उभं असलेलं दिसलं तर ती माणसं आपल्या पान्याने मेली नाहीत, एवढं कळणार होतं.

हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की या म्हाताऱ्याला जुन्या हेलिकॉप्टरांचं वेड आहे आणि माझ्याकडे मोबाईल आहे.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. देशात ज्या ज्या ठिकाणी जुनं एमआय-फोर उभं असल्याचं ऐकू आलं, ते प्रत्येक ठिकाण त्या वहीत. कुठे छावणीचं फाटक, कुठे संग्रहालय, कुठे भंगाराचा वाडा. ठिकाण बघून आले की तांबड्या पेन्सिलीने काट, तारीख, सही. रिटायर व्हायच्या आधी पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये ते फिटर होते, तिथली प्रत्येक दिवाळीची सुट्टी त्यांनी अशी घालवली होती. त्या मिलमध्येही त्यांनी टोकनांचा फळा लावला होता. एकदा खुद्द शेटने स्कूटरसाठी पाना नेला आणि टोकन लावलं नाही, तर आप्पांनी पाना सापडेपर्यंत पाळी सुटू दिली नाही. सगळे कारागीर फाटकात अडकून पडले. शेटने डिकीतून पाना काढून दिला तेव्हा, म्हणे, त्यालाही टोकन लावायला लावलं. ही गोष्ट आप्पा अभिमानाने सांगत. मी मनात त्या शेटचे हाल समजू शकत होतो.

माझ्या मोबाईलमुळे त्यांच्या वेडाला नवे पाय फुटले. शाळेतून आलो की हे जिन्यात उभे. मास्तर, जरा बघा. मास्तर, हिंदीत लिहा. मास्तर, इंग्रजीत पत्र लिहा, पण माझं नाव घालू नका, तुमचं घाला. मी कुठल्या कुठल्या बागांच्या अधिकाऱ्यांना आणि संग्रहालयांना पत्रं लिहिली, खाली माझी सही. एका गावाहून उत्तर आलं की आमच्या बागेत हेलिकॉप्टर नाही, पण तोफ आहे, चालेल का. मी ते आप्पांना वाचून दाखवलं तर त्यांना हसू आलं नाही. त्यांनी वहीत ते गाव काटलं.

सौराष्ट्रातल्या एका गावाच्या बागेत हेलिकॉप्टर असल्याचं मला मोबाईलवर दिसलं. फोटो अंधुक होता, पण पंखा दिसत होता. मी उत्साहाने आप्पांना सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, कारण ते म्हणाले, चला. अख्खा दिवस बसमध्ये गेला. बागेच्या फाटकापाशी आप्पा थांबले, आत डोकावले आणि वळले. तिथे काचेच्या गोळ्यात दोन माणसं मावतील असं छोटं हेलिकॉप्टर होतं.

"हा फुगा आहे," ते म्हणाले.

बागेत पाऊलही न टाकता ते बाकावर बसले, माईंनी दिलेली कळण्याची भाकरी सोडली आणि हेलिकॉप्टरचं नाक कसं ओळखावं याचा तासभर वर्ग घेतला. रोज पोरांना शिकवून घसा बसलेला मी, सुट्टीच्या दिवशी बाकावर बसून धडा ऐकत होतो.

दुसऱ्या खेपेला पूर्ण दोन दिवसांचा प्रवास, उत्तरेकडे. एका छावणीच्या फाटकाशी खरंच एमआय-फोर उभं होतं. मला तरी ते फार आवडलं. वर चढून बसायची पायलटची जागा, कपाटासारखी उघडणारी मागची दारं. पहारेकऱ्याने आप्पांचा शर्ट, बूट आणि सलाम बघून पाच मिनिटं आत सोडलं. आप्पा सरळ आत चढले, दाराच्या आतल्या बाजूची पत्र्याची पाटी अंगठ्याने पुसली आणि खाली उतरले.

"हाई नई. चला."

मी म्हणालो, आप्पा, एक फोटो तरी. ते म्हणाले, परतीची गाडी किती वाजता आहे? दोन दिवस येऊन दोन मिनिटं. प्लॅटफॉर्मवर माझा तोल गेला. मी म्हणालो, तुम्हाला कुठला तरी एक नंबर हवाय हे मला कळत नाही असं समजू नका. तो नंबर मला सांगा, मी इथून तिथून फोन करून विचारतो, घरबसल्या काम होईल, तुमचे पाय वाचतील, माझ्या रजा वाचतील.

"नंबर विचारला की समोरचा विचारतो, का हवाय," आप्पा म्हणाले. "त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, मास्तर."

घरी आल्यावर मी बायकोला ठणकावून सांगितलं की आता या माणसाने पाय धरले तरी मी जाणार नाही. चाळीत भिंती पातळ. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा बँकेत गेलेले असताना माई वर आल्या. या आप्पांच्या पत्नी, साऱ्या चाळीच्या माई. कधी कुणाच्या खोलीत बसायला न जाणारी बाई, आमच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि वर सांगितली ती पान्याची सगळी हकीकत तिने सांगितली. पोटच्या पोरांनाही ती माहीत नव्हती.

"लगीन मनासंगे व्हयनं," माई स्वतःकडे बोट दाखवत म्हणाल्या, "पन जीव त्या शेपटीमाच ऱ्हायना."

जाताना त्यांनी एवढंच बजावलं की मला कळलंय हे आप्पांना कळू देऊ नका. त्या दिवशी सहा वाजता आप्पा खाली मोजत होते तेव्हा मी कठड्याशी उभा राहून ऐकलं. त्या रिकाम्या आकृतीपाशी त्यांचा आवाज क्षणभर थांबायचा, हे मला पहिल्यांदा जाणवलं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढी वर्षं उराशी धरून ठेवण्यापेक्षा एकदा कुणाला विचारून मोकळं व्हायला काय झालं होतं?

तिसरी खेप दोन वर्षांनी आली. माझी एक जुनी विद्यार्थिनी भुसावळच्याही पुढे एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकत होती. तिने फोटो पाठवला. कॉलेजच्या मागच्या आवारात शेडखाली एक जुनं हेलिकॉप्टर, पोरांना शिकवण्यासाठी कधीकाळी आणून ठेवलेलं आणि नंतर विसरून गेलेलं. नाकात इंजिन, वर पायलटची जागा. या वेळी आप्पांनी मला काही म्हणायच्या आतच मी म्हणालो, चला.

उधन्याहून सकाळची गाडी धरली. आप्पांनी वाटेत तीनदा पिशवीतल्या वस्तू मोजल्या. टॉर्च, फडकं, भाकरी, पाण्याची बाटली. चार. मी नंदुरबारला चहा प्यायला उतरलो तर परत आल्यावर मलाही मोजलं असावं.

कॉलेजात वेगळाच घोटाळा झाला. त्या मुलीने प्राचार्यांना आधी सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी समजूत करून घेतली की हवाई दलातले कुणी मोठे साहेब येणार. गुलाबांचा गुच्छ तयार, चहा, काजूकतली, वर दोन शब्द बोलायची विनंती. आप्पा गुच्छ हातात धरून माझ्याकडे असे बघत होते की जणू हे सगळं मीच घडवून आणलंय. त्यांनी विद्यार्थ्यांना खरोखर दोनच शब्द सांगितले, "हत्यारं मोजा." टाळ्या पडल्या. मग आम्हाला शेडकडे नेण्यात आलं आणि सुदैवाने प्राचार्यांना कुणाचा तरी फोन आला.

आत पारव्यांची वस्ती होती. पाटीवर रंगाचे थर चढलेले. आप्पांनी नखाने खरवडायला सुरुवात केली. मी टॉर्च धरून उभा. एक आकडा दिसला, दुसरा दिसला, आणि त्यांचं बोट थांबलं. मग पुन्हा चालू झालं, फार सावकाश. शेवटचा आकडा निघाला तेव्हा त्यांनी फडक्याने पाटी पुसली, एकदा, दोनदा, आणि तिथेच पत्र्याच्या फरशीवर मांडी घालून बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "हाईच शे."

ऐंशीला टेकलेला माणूस, हातात गुलाबांचा गुच्छ, पारव्यांच्या विष्ठेत बसून रडत होता. मलाही रडू आलं, ते लपवायचं काही कारण नव्हतं. ते पडलं नव्हतं. ते उडालं, उतरलं, म्हातारं झालं आणि पोरांना शिकवायला इथे आलं. डोंगरात गेलेली माणसं आप्पांच्या पान्याने गेली नव्हती. मी त्यांना उठवायला हात दिला. म्हटलं, चला आप्पा, चारची गाडी मिळेल.

पण हे आप्पा होते. त्यांनी डोळे पुसले, मागच्या बाजूला शेपटीकडे जाणारी झडप उघडली आणि म्हणाले, पाना तिथे असणार, आत जा. मी म्हणालो, आता काय करायचाय तो पाना? ते म्हणाले, मोजणी पुरी झालेली नाही. माझे गुडघे दुखतात, पँट नवी आहे, आत साप असेल, ही सगळी कारणं मी सांगितली. त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला.

तर मी, एका शाळेचा मास्तर, दोन पोरांचा बाप, त्या बोगद्यात पोटावर सरपटत गेलो. मागून आप्पांच्या सूचना. तिसऱ्या गोल कड्यापर्यंत जा. डावीकडे हात घाल. दांड्याखाली. खाली बघ. मी हात फिरवला. धूळ, पिसं, वाळलेली काटकी. पाना नव्हता. मी ओरडून सांगितलं, काही नाही. ते म्हणाले, पुन्हा बघ. पुन्हा हात फिरवला तेव्हा कड्याच्या कंगोऱ्याला तारेने बांधलेलं काहीतरी गोल, थंड बोटांना लागलं. टॉर्च जवळ नेला. पितळेचं टोकन होतं.

"आप्पा, पाना नाही. टोकन आहे."

"कोणता नंबर?"

मी अंगठ्याने पुसलं. "तेवीस."

मी मागे सरकायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, तारेचा पीळ कोणत्या बाजूला आहे? मी नीट बघून सांगितलं.

"उलटा," आप्पा म्हणाले. "त्यानाच शे."

पुढचं त्यांनी परतीच्या गाडीत सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, जळगाव गेल्यानंतर. आप्पा ट्रकमध्ये चढले त्या संध्याकाळी हँगरमध्ये मागे राहिलेला माणूस तेवीस नंबरच होता. रिकामा खिळा त्याला दिसला असणार आणि वहीत आप्पांची सहीही. तो शेपटीत शिरला, पाना काढला आणि फळ्यावर नेऊन टांगला. आप्पा परत आल्यावर त्या खिळ्यावर जो पाना रोज बघत होते, तो त्यांचाच पाना होता. प्रत्येक हत्याराच्या पाठीवर त्याचा नंबर कोरलेला असे, उलटून तो पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. भीतीने कधी उलटला नाही.

आणि पाना जिथून उचलला तिथे त्याने आपलं टोकन बांधलं. वस्तू उचलली की टोकन लावायचं, हा नियम. थट्टाही असेल त्यात, कारण आप्पा परत आल्यावर गुपचूप शेपटीत शिरून पाना शोधणार, हे त्याने ओळखलं असेल. तिथे टोकन बघितलं की समजावं, पाना माझ्याकडे होता, काळजी नको. पण दुसऱ्याच सकाळी हेलिकॉप्टर टोकनासकट निघून गेलं. टोकन कुठे आहे हे सांगितलं तर आप्पांची खोटी सही उघडी पडणार. म्हणून तो हरवलं म्हणाला आणि महिनाभर शिक्षा भोगली. आप्पा सुट्टीवरून आले तेव्हा तो शिक्षेवर होता, आणि सगळ्यांबरोबर आप्पाही त्याला हसले होते. शिक्षा संपल्यावर आठवडाभरात त्याची बदली झाली.

"जाताना त्यानी मनाजोडे लगीनना लाडू मांगा," आप्पा म्हणाले. "मी सांगं, पहिले तुना टोकन धुंड."

मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. खरं सांगायचं तर मी संतापलो होतो. आप्पांवर, आणि त्या तेवीस नंबरवरही. एकाने एक वाक्य विचारलं नाही, दुसऱ्याने एक वाक्य सांगितलं नाही, आणि त्या दोन वाक्यांपायी एका माणसाचा जन्म गेला, माईंचा संसार गेला आणि माझी नवी पँट गेली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही सगळे कठड्याशी उभे होतो. आप्पांनी मोजायला सुरुवात केली. रिकाम्या आकृतीपाशी आले, सतरा नंबरचं टोकन काढून खिशात घातलं आणि त्या खिळ्याला तेवीस नंबरचं अडकवलं. कॉलेजमधून ते आणताना त्यांनी तिथल्या वहीत रीतसर सही केली होती. मग आपल्या वहीत लिहिलं, पाना तेवीस नंबरकडे. त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही तेवीस नंबर म्हटलं नाही. बायको म्हणायची, बरणीचं झाकण उघडं टाकायची मजाच गेली.

माझी मात्र सुटका झाली नाही. आता त्यांना तो माणूस हवा होता. नव्या वहीत नवी ठिकाणं, नवी पत्रं, खाली पुन्हा माझी सही. केरळातल्या कुठल्या कुठल्या निवृत्त मंडळींची उत्तरं आली, आपण तो नव्हे. एकाने लिहिलं की टोकन हरवल्याचं आठवत नाही, पण लाडू पाठवत असाल तर पत्ता खाली देत आहे. हे पत्र वाचताना आप्पा पहिल्यांदा हसले, आणि त्यांनी माईंना खरंच लाडू करायला लावले. मी पोस्टात रांगेत उभा राहून ते पार्सल केलं.

गेल्या वर्षी आम्ही डिंडोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो. सामान टेम्पोत भरून झालं, तेव्हा टोकनं परत द्यायची वेळ आली आणि दोनच सापडली. बायकोने सगळ्या पिशव्या पालथ्या केल्या, मी गाद्या झटकल्या. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. आठ वर्षांत या माणसाने एका खिळ्याची चूक पोटात घातली नव्हती. मी दोन टोकनं घेऊन त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो. आप्पांनी ती तळहातावर घेतली आणि मोठ्याने मोजली.

"एक. दोन." मग माझ्याकडे बघितलं. "तीन."

वहीत लिहिलं, खोली चार, टोकनं पूर्ण. खाली सही केली. मी म्हणालो, आप्पा, दोनच आहेत.

"सही झाली, मास्तर," ते म्हणाले. "टेम्पो उभा आहे. जा."

तिसरं टोकन महिनाभराने बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात सापडलं, बटणांमध्ये. मी ते खिशात घातलं आणि दुपारच्या वेळी नवागामला गेलो, आप्पांची झोपायची वेळ बघून. कपाट हळूच उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, परत आलेली टोकनं टांगायच्या आमच्या खोलीच्या खिळ्यावर चार नंबरची दोन टोकनं लटकत होती. तिसरं त्यांच्यावर अडकवलं. माई दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी निघालो, दोन पावलं गेलो, आणि परत आलो. एक, दोन, तीन, अशी मोजली, मग दार लावलं.